निर्दोष कीं परिपूर्ण?

'द प्रिन्सेस ब्राइड' या विनोदी व अद्‌भुतरम्य अमेरिकन चित्रपटाविषयीं बोलतांना त्याचे चाहते एक विशेषण हटकून योजतात, तें म्हणजे 'परिपूर्ण'. इतक्या खेळकर कृतीस एवढें भारदस्त विशेषण शोभतें काय, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु परिपूर्णता कशास म्हणावें हा जुना वाद त्याच्या पोटांत दडलेला आहे.

प्रथम इतिहास पाहूं. चित्रपटाचें मूळ विल्यम गोल्डमन याच्या १९७३ सालच्या कादंबरींत आहे. गोष्ट कशाविषयीं हवी असें विचारतां आपल्या एका मुलीनें राजकन्या मागितली व दुसरीनें नवरी, त्यांतूनच हें नांव निघालें, असें तो सांगत असे. मॉर्गनस्टर्न नामक जुन्या ग्रंथकाराच्या कंटाळवाण्या ग्रंथांतून आपण केवळ रसाळ भाग निवडला, अशी बतावणीहि त्यानें केली. वस्तुतः ग्रंथ व ग्रंथकार दोन्ही काल्पनिक. चित्रपटाचें काम मात्र वर्षानुवर्षें रखडलें आणि अखेर गोल्डमननें हक्क पदरच्या पैशानें परत विकत घेतले. पुढें रॉब रायनर याच्या दिग्दर्शनाखालीं १९८७ सालीं चित्रपट निघाला, तेव्हां त्यास साहसकथा म्हणून पुढें करावें, परीकथा म्हणून कीं प्रहसन म्हणून, हेंच विकणाऱ्यांस उमगेना. सुमारें १ कोटी ६० लाख डॉलर खर्चाच्या या चित्रपटानें अमेरिकेंत ३ कोटींच्या आसपास गल्ला जमविला. म्हणजे तो आपटला नाहीं, पण गाजलाहि नाहीं. त्याची कीर्ति घरोघर नेली ती व्हिडिओच्या फितींनीं. २०१६ सालीं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनें जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या राष्ट्रीय यादींत त्यास स्थान दिलें. तेव्हां परिपूर्णतेचा निकाल पहिल्या प्रेक्षकांचा नव्हे, पुनःपुन्हां पाहणाऱ्यांचा आहे.

आमच्या साहित्यशास्त्रांत हा वाद फार पूर्वीं झालेला आहे. मम्मटानें काव्याच्या लक्षणांत दोषरहिततेची अट घातली. विश्वनाथानें 'साहित्यदर्पणां'त तिजवर आक्षेप घेतला कीं, अशी अट धरल्यास काव्य विरळा तरी होईल, नाहीं तर उरणारच नाहीं. किड्यानें पोखरलें तरी रत्नाचें रत्नपण जात नाहीं, मोल तेवढें कमीअधिक होतें. हाच न्याय येथें लावूं.

गोष्टीस हंसतांहंसतां गोष्टीवरचा विश्वास ढळूं न देणें, हें या चित्रपटाचें साध्य. कड्यावरील तलवारयुद्धांत दोघे योद्धे थट्टामस्करी करीत लढतात. परंतु केरी एल्विस व मँडी पटिंकिन हे दोघे नट दोन्ही हातांनीं तलवार चालविण्यास खरोखर शिकले होते, म्हणून थट्टेनें युद्ध पोकळ होत नाहीं. पटिंकिननें रंगविलेला इनिगो वीस वर्षें बापाच्या खुन्याचा शोध घेतो, आणि सूड उगविल्यावर उरलेल्या आयुष्याचें काय करावें हें त्यास कळत नाहीं. प्रहसनांत असा क्षण क्वचितच भेटतो. शिवाय सारी कथा आजोबा आजारी नातवास वाचून दाखवीत आहेत. प्रेक्षकाच्या मनांतील शंका नातूच आधीं बोलून दाखवितो, त्यामुळें कित्येक दोष आपोआप झांकले जातात. दलदलींतील अजस्र उंदीर म्हणजे कातडें पांघरलेला माणूस हें स्पष्ट दिसतें, तरी रसभंग होत नाहीं. ऐकलेल्या गोष्टींतला उंदीर असाच असावयाचा.

एक दोष मात्र या युक्तीनें झांकत नाहीं. जिच्या नांवानें ही कथा ओळखली जाते ती बटरकप धीटपणें बोलते, एकदां समुद्रांत उडीहि घेते. परंतु कथेचें चाक तिच्या हातीं फारसें येतच नाहीं. तिला पळवितात, सोडवितात, तिचें लग्न ठरवितात. ती बहुधा वाट पाहते. त्याच उंदराशीं वेस्टली झुंजतो तेव्हां ती हातीं काठी घेऊनहि जवळजवळ प्रेक्षकच राहते. नातवास याविषयीं प्रश्न पडत नाहीं, म्हणून आजोबांसहि उत्तर द्यावें लागत नाहीं.

आमचा निर्णय असा कीं, कथनाच्या रीतींत हा चित्रपट परिपूर्ण आहे, नायिकेच्या चित्रणांत नाहीं. रत्न अस्सल, पण त्यास एक छिद्र आहे. हें म्हटल्यानें त्याच्या चाहत्यांचा आनंद उणा होऊं नये. प्रेमास निर्दोषपणाचा दाखला लागत नाहीं. उलट, 'परिपूर्ण' हा शब्द उच्चारून विचार थांबविण्यानें कृतीचाच तोटा होतो. ही गोष्ट मुळांत दोन मुलींच्या मागणीवरून जन्मास आली. तेव्हां ती पाहतांना एखाद्या घरच्या मुलीनें 'राजकन्या स्वतः कांहीं कां करीत नाहीं?' असें विचारलें, तर तिला गप्प न बसवितां गोष्ट क्षणभर थांबवावी. आजोबांनीं नातवासाठीं तेवढें केलेंच होतें.