अवांछित सॉफ्टवेअर
अवांछित सॉफ्टवेअर म्हणजे वापरकर्त्याने मागितलेले नसताना संगणकात आलेले सॉफ्टवेअर होय. ते नव्या संगणकात विक्रीपूर्वीच बसवलेले असते किंवा एखाद्या मोफत सॉफ्टवेअरसोबत शिरते. संगणक विषाणू स्वतःच्या प्रती तयार करून पसरतो. अवांछित सॉफ्टवेअरला मात्र बहुधा वापरकर्त्यानेच नकळत संमती दिलेली असते. जाहिराती दाखवणे, ब्राउझरचे मुखपृष्ठ बदलणे, माहिती गोळा करणे व संगणक मंदावणे हे त्याचे नेहमीचे परिणाम होत.

प्रसार
मोफत सॉफ्टवेअर स्थापित करताना जोडसॉफ्टवेअरच्या चौकटीत आधीच बरोबरची खूण केलेली असते. मजकूर न वाचता ‘नेक्स्ट’ दाबत गेल्यास तेही स्थापित होते. जावाच्या स्थापनेसोबत पूर्वी येणारा ‘आस्क’ टूलबार हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. मराठी टंकलेखनाची साधने त्रयस्थ संकेतस्थळांवरून उतरवून घेतानाही हा धोका संभवतो. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अद्ययावत आवृत्तीपासून मराठी फोनेटिक कळफलक विंडोजमध्येच उपलब्ध आहे.

सुपरफिश प्रकरण
लेनोवो कंपनीच्या काही लॅपटॉपमध्ये २०१४ च्या उत्तरार्धापासून सुपरफिश हे जाहिरातींचे सॉफ्टवेअर विक्रीपूर्वीच बसवलेले होते. त्याने संगणकात स्वतःचे मूळ प्रमाणपत्र घातल्यामुळे सुरक्षित संकेतस्थळांशी होणारी देवाणघेवाणही मध्येच वाचणे शक्य झाले. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उघडकीस आले. सॉफ्टवेअर काढल्यानंतरही प्रमाणपत्र मागे राहत असल्याने ते स्वतंत्रपणे काढावे लागले.

काढून टाकण्याची पद्धत
प्रथम महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे ठेवली जाते. त्यानंतर विंडोजच्या ‘सेटिंग्ज’मधील ‘ॲप्स’ विभागातून अनोळखी सॉफ्टवेअर काढता येते. स्थापनेच्या तारखेनुसार यादी लावल्यास एकाच दिवशी आलेले सोबती ओळखू येतात. मात्र ध्वनी, चित्रपट्टी इत्यादींचे ड्रायव्हर काढल्यास संगणकात बिघाड होऊ शकतो. त्यानंतर ब्राउझरमधील विस्तार, मुखपृष्ठ व शोधयंत्र तपासले जाते. शेवटी विषाणूरोधकाने पूर्ण तपासणी केली जाते. चालू विंडोजमध्ये न निघणाऱ्या घातक सॉफ्टवेअरसाठी मायक्रोसॉफ्ट डिफेंडरची ऑफलाइन तपासणी उपयोगी पडते. ती विंडोज सुरू होण्यापूर्वी चालते.

प्रतिबंध
- सॉफ्टवेअर मूळ निर्मात्याच्या संकेतस्थळावरूनच घेणे व स्थापनेचा ‘कस्टम’ पर्याय वाचून निवडणे.
- विंडोज व ब्राउझर अद्ययावत ठेवणे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.
- एका वेळी एकच विषाणूरोधक चालू ठेवणे. मुदत संपलेली चाचणी आवृत्ती काढून टाकणे.
- चोरीच्या (क्रॅक केलेल्या) प्रती टाळणे व पेन ड्राइव्ह उघडण्यापूर्वी तपासणे.
- रोजच्या वापरासाठी प्रशासकीय अधिकार नसलेले खाते ठेवणे.

महाराष्ट्र व भारतातील उपाययोजना
कैलाश व संजय काटकर या बंधूंच्या पुण्यातील संगणक दुरुस्ती व्यवसायातून १९९५ मध्ये क्विक हील हे विषाणूरोधक पुढे आले. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले. तेथे घातक सॉफ्टवेअर काढण्याची साधने मोफत मिळतात. पेन ड्राइव्हच्या वापरावर नियंत्रण ठेवणारे ‘यूएसबी प्रतिरोध’ हे साधनही तेथे उपलब्ध करून देण्यात आले. घातक सॉफ्टवेअरमुळे आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवता येते.

हे सुद्धा पहा
- संगणक विषाणू
- विषाणूरोधक सॉफ्टवेअर
- सायबर गुन्हा