क्रमांकावरून कुळाकडे : मॉरिशसमधील मराठी घराण्यांचा मूळशोध

वंशावळ ही सामान्यतः वतनदार व इनामदार घराण्यांची मिरास समजली जाते. त्यांच्या घरी सनदा असतात, निवाडपत्रे असतात. ज्यांना तीर्थयात्रा घडते त्यांच्या पिढ्यांची नावे तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत सापडतात. परंतु ज्याच्या नावावर जमिनीचा तुकडाही नव्हता आणि जो पोटासाठी समुद्रापार गेला, त्याच्या कुळाचा इतिहास कोणत्या कागदात शोधावयाचा? मॉरिशस बेटावर कित्येक पिढ्या नांदत असलेल्या मराठी कुटुंबांपुढे हा प्रश्न आजही उभा आहे.

ब्रिटिशांच्या ताब्यातील या बेटावर १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपुष्टात आली. उसाच्या मळ्यांना मजुरांची वाण पडणार हे मळेवाल्यांनी आधीच ओळखले होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' या जहाजाने कलकत्त्याहून आलेले ३६ करारबद्ध मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले आणि एका प्रदीर्घ स्थलांतराला आरंभ झाला. १९१० पर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय येथे आले. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक मायदेशी परतले, उरलेले तेथेच राहिले. कलकत्ता व मद्रास यांच्या मानाने मुंबई बंदरातून गेलेल्यांची संख्या थोडी होती. आजच्या मराठी भाषकांचे पूर्वज प्रामुख्याने याच वाटेने, रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, सावंतवाडी या मुलखांतून गेले.

बंदरात उतरलेल्या प्रत्येक मजुरास एक क्रमांक दिला जाई. त्या क्रमांकापुढे त्याचे नाव, पित्याचे नाव, अंदाजे वय, उंची, जात, गाव व जिल्हा, जहाज आणि ज्या मळ्यावर त्याची रवानगी झाली त्याचे नाव अशी नोंद होई. १८६० नंतरच्या दशकात छायाचित्रेही काढली जाऊ लागली. १८६७ च्या मजूर कायद्याने करार संपलेल्या मजुरासही छायाचित्र असलेला परवाना सतत जवळ बाळगण्याची सक्ती केली. तो नसल्यास भटक्या ठरवून अटक होई. हा जाच इतका वाढला की १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ या मळेवाल्याच्या पुढाकाराने मजुरांनी गव्हर्नराकडे अर्ज केला आणि १८७२ मध्ये चौकशीसाठी शाही आयोग नेमला गेला.

माणसावर पाळत ठेवण्यासाठी निर्माण झालेली ही दप्तरे आज त्याच्या वंशजांचा मुख्य आधार ठरली आहेत. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ती जतन केलेली आहेत. जो क्रमांक आजोबांच्या पणजोबांना बेडीसारखा वाटला असेल, तोच आता नातवंडांच्या हाती मूळ गावाचा धागा देतो.

तथापि हा धागा जागोजागी तुटलेला आहे. सरकारी देखरेखीअभावी घडणाऱ्या अन्यायामुळे १८३९ ते १८४२ या काळात स्थलांतरावर बंदी होती. तिच्यापूर्वी मळेवाल्यांनी खाजगीरीत्या नेलेल्या मजुरांच्या नोंदी तुटपुंज्या आहेत. नोंदवहीत आडनावाला जागा नव्हती. परक्या लेखनिकाने कानावर पडलेले नाव आपल्या लिपीत उतरवले आणि पुढे कोणाचे स्वतःचे, तर कोणाचे पित्याचे नावच घराण्याचे आडनाव होऊन बसले. केवळ धार्मिक विधीने लागलेल्या लग्नांना नागरी नोंदणीवाचून कायद्याची मान्यता नसल्याने कित्येक मुलांच्या जन्मनोंदीत पित्याचे नाव आलेच नाही. एकदा परत जाऊन पुन्हा आलेल्या मजुराला दुसरा क्रमांक मिळे, त्यामुळे एकच माणूस दोन माणसे भासतो.

भारतातील बाजू याहून विरळ आहे. जनगणनेत माणसागणिक भरलेली पत्रके आकडे काढून झाल्यावर जपून ठेवलेली नाहीत. जमिनीच्या दप्तरात खातेदाराचे नाव येते, भूमिहीनाचे सहसा येत नाही. त्यातच जिल्ह्यांच्या सीमा बदलल्या. जुन्या 'सातारा' या नोंदीतील गाव आज सांगली जिल्ह्यात असू शकते, कारण १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. 'रत्नागिरी' म्हणून लिहिलेले गाव १ मे १९८१ पासून सिंधुदुर्गात गेलेले असेल. हा फेरफार ध्यानी न घेता आजच्या नकाशावर गाव शोधणाऱ्याच्या हाती निराशाच येते.

म्हणून अशा शोधाची रीत उलट्या क्रमाची आहे. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. प्रथम हयात वडीलधाऱ्यांच्या स्मरणातील नावे लिहून घ्यावीत. मग मॉरिशसमधील जन्म, विवाह व मृत्यूच्या नोंदी पिढीमागून पिढी पाहाव्यात. या दाखल्यांत पुष्कळदा आईवडिलांचा स्थलांतर-क्रमांक दिलेला असतो आणि तोच मूळ नोंदवहीचे दार उघडतो. नुसत्या नावसाधर्म्यावर विसंबू नये, कारण एकाच जहाजात दोन सखाराम असणे अशक्य नव्हे. पित्याचे नाव, जहाज, मळा यांपैकी निदान दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत.

कागद संपतो तेथे आचार बोलू लागतो. कुलस्वामीचे नाव, लग्नातील देवक, पिढीजात गाणी ही साधनेही मोलाची आहेत. मॉरिशसचे मराठी लोक आजही 'झाकरी' नाचतात आणि तिचे नाते कोकणातील जाखडीशी आहे. मात्र असा पुरावा प्रदेशाचा अंदाज देतो, नेमके घर दाखवीत नाही, ही मर्यादा विसरता कामा नये.

या शोधाला आता व्यावहारिक महत्त्वही आले आहे. मार्च २०२४ मध्ये मॉरिशस भेटीत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी तेथील भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही परदेशस्थ भारतीय नागरिकत्व-कार्ड मिळण्याची विशेष तरतूद जाहीर केली. मूळ सिद्ध करणारा दाखला त्यासाठी मोलाचा ठरतो, आणि जेथे दाखल्याला मोल येते तेथे रिकामी जागा कल्पनेने भरण्याचा मोहही येतो.

हा मोह टाळणे हेच पूर्वजांचे खरे स्मरण होय. वंशावळीत एखादी पिढी 'नोंद उपलब्ध नाही' अशीच राहिली तर त्यात कमीपणा नाही. ज्या राजवटीने त्या माणसाचे आडनाव विचारले नाही, त्या राजवटीचा तो दोष आहे. त्याच्या जागी एखादे सोयीचे, मानाचे आडनाव बसविणे म्हणजे त्याला दुसऱ्यांदा पुसून टाकणे होईल. पोर्ट लुईच्या ज्या घाटावर हे लोक उतरले, तो आप्रवासी घाट २००६ मध्ये जागतिक वारसास्थळ म्हणून घोषित झाला. तेथील दगडी पायऱ्यांवर कोणाचेही नाव कोरलेले नाही. ती नावे शोधून काढणे हे वंशजांचे कर्तव्य आहे, आणि जे सापडले तेवढेच खरे म्हणून पुढच्या पिढीच्या हाती देणे हा त्या कर्तव्याचाच भाग आहे.