शिकागोचा गुमास्ता

मुंबईचा मटका सुरुवातीला मडक्यातून निघत नव्हता. न्यूयॉर्कच्या कॉटन एक्स्चेंजमध्ये कापसाचा भाव काय उघडला नि काय बंद झाला, हे आकडे तारेने मुंबईत येत आणि त्यांवर पैसे लागत. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ती सोय संपली. मग कल्याणजी भगत आणि रतन खत्री स्वतःच आकडा काढू लागले. तार होती तोवर आकडा इथल्या कुणाच्याच हातचा नव्हता; तार गेली आणि माणसाचं नाव मोठं झालं. हे ध्यानात आलं आणि लास व्हेगासबद्दलचं माझं एक जुनं कोडं उलगडू लागलं. शिकागोच्या टोळीने सुमारे अडीच हजार किलोमीटरवरच्या जुगारावर नजर ठेवायला जी माणसं धाडली, ती उत्तरोत्तर अधिक हिंस्र का होत गेली?

नेहमीचं उत्तर सिसिलीकडे बोट दाखवतं. तिथले जमीनदार पालेर्मोत राहायचे, शेतं दूर. ती खंडाने घेणारा ‘गाबेलोत्तो’ आणि राखणीला असलेले हत्यारबंद ‘कांपिएरी’ यांच्यातूनच माफिया वाढला, असं बरेच इतिहासकार मानतात. म्हणून व्हेगासचा दांडगेश्वर हा त्याच कुळातला, असा हा युक्तिवाद. मला तो पटत नाही. गाबेलोत्तो ठरलेला खंड भरून उरलेलं स्वतः ठेवायचा. व्हेगासच्या माणसाकडे असा कसलाही मक्ता नव्हता. शिवाय शिकागोची टोळी सिसिलियन होती तरी किती? कपोन ब्रुकलिनमध्ये जन्मलेला, घराणं नेपल्सकडचं. हिशेब बघणारा जेक गुझिक ज्यू. अधिकारी फोडण्यात वाकबगार मरी हम्फ्रीज वेल्श वंशाचा. पश्चिमेला गेलेला पहिला मोठा माणूस जॉनी रोझेली, तोही सिसिलीचा नव्हे, रोमच्या दक्षिणेकडच्या एस्पेरिया गावचा.

खरं मूळ घोड्यांच्या शर्यतींच्या तारेत आहे.

शिकागोच्या माँट टेनिसने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती उभी केली, पुढे मोझेस ॲनेनबर्गने ती देशभर पसरवली. शर्यतीचा निकाल, भाव, घोडा रद्द झाल्याची खबर, सगळं मैदानावरून तारेने शेकडो मैलांवरच्या बुकीकडे जायचं. बुकीला तार नसेल तर तो बुडालाच, कारण निकाल आधी कळलेलं गिऱ्हाईक संपलेल्या शर्यतीवर पैसे लावून त्याला लुटणार. म्हणून प्रत्येक बुकी तारेची वर्गणी निमूट भरे. न भरणाऱ्याची जोडणी तोडली की काम झालं. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, जोडण्या किती हे मालकाला घरबसल्या ठाऊक असे. पेढीच्या शेटजीला हुंड्यांच्या नोंदींवरून परगावच्या गुमास्त्याचा हिशेब ताडता यावा, तसंच हे. अशा धंद्यावर नेमायचा माणूस रोझेलीसारखाच हवा: उंची कपडे, गोड बोलणं, हॉलिवूडमध्ये ऊठबस. १९३०च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये तो ॲनेनबर्गच्या तारेचंच काम बघत होता.

करचुकवेगिरीच्या खटल्यामुळे १९३९मध्ये ॲनेनबर्ग बाजूला झाला. नव्या तारेचा चालक जेम्स रेगन शिकागोच्या टोळीपुढे वाकेना. जून १९४६मध्ये त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, ऑगस्टमध्ये तो गेला. टोळीने तोवर ‘ट्रान्स-अमेरिकन’ नावाची स्वतःची तार काढली होती. पश्चिमेला ती बुकींच्या गळी उतरवण्याचं काम बग्सी सीगलकडे होतं. सीगल आठवतो तो फ्लमिंगो हॉटेलमुळे. पण ते उघडलं डिसेंबर १९४६मध्ये, आणि त्याची सुरुवातही बिली विल्करसनने केली होती. व्हेगासमध्ये सीगलचं पहिलं पाऊल पडलं ते तारेपायी, त्याचा साथीदार मो सेडवे याच्या हातून. वाळवंटात शहर उभारणाऱ्या स्वप्नाळू गुंडाची गोष्ट सांगणारे ही पायरी गाळतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

संघटित गुन्हेगारीचा माग काढणाऱ्या सिनेटच्या केफॉव्हर समितीच्या चौकशीनंतर, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, शर्यतींची तारच बंद पडली. आता पैसा कॅसिनोतून यायचा, आणि तोही वहीत चढण्याआधीच मोजणीच्या खोलीतून वरच्यावर काढलेला. किती काढला आणि वाटेत किती मुरला, हे शिकागोला कळायला काहीच मार्ग उरला नाही. मोजमाप गेलं, तिथे धाक आला. म्हणूनच रोझेलीच्या जोडीला मार्शल कैफानो आला. रोझेली सौदे जुळवी, कैफानो घाबरवी. पण धाक दाखवायचा तर दिसावं लागतं. १९६०मध्ये नेवाडाने कॅसिनोबंदीची पहिली यादी काढली, तिच्यात अकरा नावं होती आणि कैफानोचं त्यात होतं. तो कोर्टात गेला आणि हरला.

१९७१मध्ये टोनी स्पिलोत्रो आला. त्याची निवड कशावर झाली असेल? व्याजी पैशांच्या निर्दय वसुलीत तो सॅम डीस्टेफानोच्या हाताखाली तयार झाला होता. आणि पुढे स्टारडस्ट कॅसिनो चालवणाऱ्या फ्रँक रोझेंथलशी त्याची शिकागोपासूनची ओळख होती. माझा तर्क असा की निर्णायक ठरली ती दुसरी गोष्ट. आकडा कळणारा एकजण आणि त्याला भिववणारा एकजण, दोघे एकमेकांवर नजर ठेवतील, असा तो हिशेब असावा. स्पिलोत्रोने सर्कस सर्कस कॅसिनोत बायकोच्या माहेरच्या आडनावाने भेटवस्तूंचं दुकान थाटलं. पुढे मात्र त्याने स्वतःची घरफोड्यांची टोळीच उभारली. त्या टोळीतले लोक ४ जुलै १९८१ला एका दुकानाचं छप्पर फोडताना पकडले गेले, आणि राखणदाराचाच बोभाटा झाला. स्वतः स्पिलोत्रोचं नाव तर १९७८पासूनच बंदीच्या यादीत होतं.

जानेवारी १९८६मध्ये कॅन्सस सिटीच्या खटल्यात जो आयुप्पा आणि जॅकी सेरोन हे शिकागोचे वरिष्ठ कॅसिनोतल्या चोरट्या पैशासाठी दोषी ठरले. जूनमध्ये स्पिलोत्रो आणि त्याचा भाऊ मायकेल यांना त्यांच्याच टोळीने मारलं. तोवर नेवाडाच्या कायद्याने शेअरबाजारातल्या कंपन्यांना कॅसिनोचे मालक व्हायची वाट मोकळी केली होती. त्यांनाही दूरवरून पैसा मोजायचा होताच. त्यांनी लेखापाल नेमले आणि मोजणीच्या खोलीत कॅमेरे बसवले.