फरगाणा खोऱ्याच्या सीमा आणि मध्य आशियातील पाच देश

मध्य आशियातील कझाकस्तान, उझबेकिस्तान, तुर्कमेनिस्तान, किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तान हे पाच देश १९९१ साली सोव्हिएत संघाच्या विघटनातून स्वतंत्र झाले. बाल्टिक प्रजासत्ताकांसारखी स्वातंत्र्याची मोठी चळवळ येथे उभी राहिली नव्हती. उलट, संघ टिकवावा का या प्रश्नावर मार्च १९९१ मध्ये झालेल्या सार्वमतात पाचही प्रजासत्ताकांनी नव्वद टक्क्यांहून अधिक मतांनी संघाच्या बाजूने कौल दिला होता. ८ डिसेंबर रोजी रशिया, युक्रेन व बेलारूस यांच्या नेत्यांनी परस्पर संघ संपल्याचे जाहीर केले. १६ डिसेंबरला कझाकस्तानने सर्वांत शेवटी स्वातंत्र्य घोषित केले. २१ डिसेंबरला अल्मा-आता येथे ११ प्रजासत्ताकांनी एकमेकांच्या प्रचलित सीमा मान्य केल्या. त्या दिवसापर्यंत या सीमा एकाच राज्याच्या अंतर्गत हद्दी होत्या.

पाचही देशांना खुल्या महासागराचा किनारा नाही. कझाकस्तानचे क्षेत्रफळ सुमारे २७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या पाच-षष्ठांशाइतके आहे. उझबेकिस्तानातून समुद्र गाठायला कोणत्याही दिशेने किमान दोन देश ओलांडावे लागतात. तुर्कमेनिस्तानचा बहुतेक भाग काराकुम वाळवंटाने व्यापला आहे. ताजिकिस्तान आणि किर्गिझस्तान पामीर व तिएन शान पर्वतांत वसलेले आहेत. या पर्वतांतील हिम आणि हिमनद्या अमू दर्या व सिर दर्या या दोन नद्यांना पाणी पुरवतात. दोन्ही नद्या पुढे कोरड्या मैदानांतून अरल समुद्राकडे जातात. त्यामुळे पाणी वरच्या दोन लहान देशांत, तर सुपीक जमीन, मोठी लोकसंख्या, तेल आणि वायू खालच्या तीन देशांत अशी विभागणी झाली आहे.

आजच्या सीमांचा पाया १९२४ साली घातला गेला. तोवर तुर्कस्तान, बुखारा आणि खोरेझम हे तीन घटक होते व त्यांत अनेक भाषांचे लोक एकत्र राहत. सोव्हिएत सरकारने ते मोडून वांशिक ओळखीवर आधारित प्रजासत्ताके बनवली. मॉस्कोने फूट पाडण्यासाठी नकाशावर रेघोट्या ओढल्या, हे स्पष्टीकरण अपुरे आहे. जनगणनेचे आकडे, बाजारपेठांची सोय आणि स्थानिक पक्षनेत्यांची ओढाताण या सर्वांचा त्यात वाटा होता. ताजिकभाषकांची मोठी वस्ती असलेली समरकंद व बुखारा ही शहरे उझबेकिस्तानात राहिली. १९२९ साली ताजिकिस्तानला स्वतंत्र संघीय प्रजासत्ताकाचा दर्जा देताना खुजंद त्याला जोडले गेले. डोंगराळ किर्गिझ प्रदेशाला शहर हवे म्हणून मोठी उझबेक वस्ती असलेले ओश किर्गिझांकडे गेले.

या व्यवस्थेची सर्वाधिक गुंतागुंत फरगाणा खोऱ्यात झाली. सुमारे ३०० किलोमीटर लांबीचे हे खोरे मध्य आशियातील सर्वांत दाट वस्तीचा प्रदेश आहे. त्याचा तळ मुख्यतः उझबेकिस्तानात, भोवतालच्या टेकड्या किर्गिझस्तानात आणि पश्चिमेचे तोंड ताजिकिस्तानात आहे. शिवाय एका देशाचे तुकडे दुसऱ्याच्या पोटात आहेत. सोख हा उझबेकिस्तानचा भाग चारही बाजूंनी किर्गिझस्तानने वेढलेला असून तेथील रहिवासी प्रामुख्याने ताजिकभाषक आहेत. ताजिकिस्तानचे वोरुख आणि उझबेकिस्तानचे शोहीमर्दान यांचीही स्थिती अशीच आहे.

सोव्हिएत काळात सामूहिक शेते शेजारच्या प्रजासत्ताकाची कुरणे वापरत आणि कालवे व रस्ते हद्दींची पर्वा न करता काढले जात. स्वातंत्र्यानंतर त्याच ठिकाणी तपासणी नाकी उभी राहिली. ताश्कंदहून फरगाण्याला जाणारी उझबेक रेल्वे ताजिकिस्तानातून जात असे. कामचिक घाटातील १९ किलोमीटरचा बोगदा २०१६ मध्ये खुला झाल्यावर ती अडचण संपली. १९९९ व २००० मधील सशस्त्र इस्लामी गटांच्या हल्ल्यांनंतर उझबेकिस्तानने सीमेवर सुरुंग पेरले. ओशमध्ये किर्गिझ व उझबेक समाजांत १९९० आणि २०१० साली भीषण दंगली झाल्या.

पाण्याचा वादही जुनी व्यवस्था मोडल्यामुळेच वाढला. नारिन नदीवरील तोक्तोगुल धरण किर्गिझ भूमीत असले तरी त्याचे पाणी उन्हाळ्यात खालच्या कापसाच्या शेतीसाठी सोडले जाई. बदल्यात हिवाळ्यात उझबेक वायू आणि कझाक कोळसा वर जाई. फेब्रुवारी १९९२ मध्ये पाचही देशांनी जुने पाणीवाटप कायम ठेवले, पण इंधनाची हमी राहिली नाही. वायूसाठी बाजारभाव मोजावा लागल्यावर किर्गिझस्तान हिवाळ्यात वीजनिर्मितीसाठी पाणी सोडू लागला. परिणामी खाली हिवाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात टंचाई निर्माण झाली. १९९८ च्या करारात पाणी, वीज व इंधनाची अदलाबदल ठरली, पण अंमल अर्धवट राहिला. अमू दर्याच्या खोऱ्यात ताजिकिस्तानच्या रोगुन धरणाला उझबेकिस्तानने अनेक वर्षे विरोध केला. अरल समुद्राचे आटणे मात्र १९६० नंतरच्या सोव्हिएत सिंचनातून सुरू झाले होते. त्या वेळी सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर पसरलेला हा जलाशय आता त्याच्या दशांशाच्या आसपास उरला आहे. २००५ मध्ये पूर्ण झालेल्या कझाकस्तानच्या कोकअरल बांधामुळे उत्तरेचा लहान भाग काहीसा सावरला.

राजकीय सत्ताही बहुतांशी जुन्या हातांत राहिली. कझाकस्तानात नूरसुलतान नझरबायेव २०१९ पर्यंत, तर उझबेकिस्तानात इस्लाम करिमोव २०१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत अध्यक्ष होते. दोघेही पूर्वीचे पक्षप्रमुख. ताजिकिस्तानात १९९२ ते १९९७ यादवी युद्ध झाले आणि त्यातून इमोमाली रहमोन यांची सत्ता स्थिरावली. किर्गिझस्तानात २००५, २०१० व २०२० मध्ये जनआंदोलनांनी अध्यक्षांना पायउतार केले.

करिमोव यांच्यानंतर शवकत मिर्झियोयेव यांनी शेजाऱ्यांशी बोलणी सुरू केली. नाकी उघडली गेली, रोगुनचा विरोध मावळला आणि जानेवारी २०२३ मध्ये किर्गिझ-उझबेक सीमेवर शिक्कामोर्तब झाले. किर्गिझ-ताजिक सीमेवर मात्र दोन्ही देश वेगवेगळ्या काळांतील सोव्हिएत नकाशांचा दाखला देत राहिले. तेथे २०२१ आणि २०२२ मध्ये लष्करी चकमकी झाल्या. २०२२ च्या चकमकींत शंभराहून अधिक लोक मरण पावले. अखेर १३ मार्च २०२५ रोजी बिश्केक येथे दोन्ही अध्यक्षांनी सीमाकरारावर सह्या केल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस तिन्ही देशांच्या सीमा जिथे मिळतात तो बिंदू खुजंद येथील करारात निश्चित झाला.

फरगाण्यातील सीमांचा प्रश्न अशा रीतीने स्वातंत्र्यानंतर ३३ वर्षांनी कागदोपत्री मिटला. पाणीवाटपाचा प्रश्न अजून तसा सुटलेला नाही. अफगाणिस्तान अमू दर्यातून २८५ किलोमीटर लांबीचा कोश तेपा कालवा खोदत आहे आणि १९९२ च्या वाटपात तो देश सहभागी नाही.