वहीच्या पाठीवरची स्तोत्रं

आयुष्य बाइंडिंगमध्ये गेलं, त्यामुळे मजकुराच्या आधी माझं लक्ष पानाच्या घडीकडे जातं. इटलीतल्या मोदेना शहराच्या दप्तरखान्यात सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या वह्या आहेत, त्यांना हिब्रू हस्तलिखितांची चर्मपत्रं कव्हर म्हणून घातलेली. त्या पानांचे फोटो बघायचं मला वेडच आहे. हिब्रूचं एक अक्षर येत नाही, तरी स्तोत्रांचं पान बहुधा ओळखतो. जुन्या मोठ्या बायबलांत एरवीचा मजकूर सहसा तीन रकान्यांत असतो, स्तोत्रं मात्र दोन रकान्यांत, शब्दांमध्ये ऐसपैस जागा सोडून. (बायबलातली ईयोब आणि नीतिसूत्रं ही पुस्तकंही तशीच लिहीत, तिथे मी फसू शकतो.) अक्षरं आपल्या देवनागरीसारखी वरच्या रेघेला लटकतात. रेघ बोथट टोकाने दाबून काढलेली, आणि ती सरळ यावी म्हणून कडेला टोचलेली बारीक भोकं. ओळीअखेर जागा उरली, की लेखनिक एखादं अक्षर आडवं ताणतो. आणि या सगळ्यावरून वहीच्या पाठीची घडी जाते, तिथली शाई पार उडालेली.

ही पानं बाइंडरकडे आली कशी? 1553 साली रोममध्ये ज्यूंच्या तालमूद या धर्मग्रंथाच्या प्रती जाळल्या, पुढे जप्त्याही झाल्या. तेव्हा हा सारा धर्मद्वेषाचा प्रताप, असं सहज म्हणता येतं. मला ते अर्धंच पटतं. हिब्रू स्तोत्रं 1477 मध्येच छापून निघाली होती, 1488 मध्ये सोन्चिनो गावात अख्खं हिब्रू बायबल. हाती लिहिलेल्या पोथीचा भाव पडला, कातड्याचा नाही. चर्चच्या लॅटिन पोथ्याही याच कात्रीखाली गेल्या.

ज्यूंच्या रिवाजाप्रमाणे जीर्ण पवित्र लिखाण टाकत नाहीत. गेनीझात, म्हणजे अशा लिखाणासाठी राखलेल्या कोठीत ठेवतात, नाहीतर पुरतात. कैरोतली गेनीझा कोरड्या हवेने राखली. इटलीच्या मातीत पुरलेलं पान कुजलंच असतं. मान राखला असता तर गेलं असतं. हिशेबाच्या आणि करारांच्या कागदांना गुंडाळलं, म्हणून उरलं.

1981 पासून इटलीत अशा पानांचा पद्धतशीर शोध सुरू झाला आणि हजारो सापडली. आपल्याकडच्या जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांतही लिहिलेले रद्दी कागद चिकटवलेले निघतात. तेव्हा घरातली जुनी वही नव्याने बांधायला टाकाल, तर बाइंडरला एवढं सांगा: पुठ्ठा फेकू नकोस, परत दे.