कागद काकांचा, कुलूप त्याचं

दिवाळीत अंजनगाव सुर्जीला गेलो होतो. काकांनी कोर्टाच्या लिलावात घर घेतलंय. पैसे भरून झाले, विक्रीचा दाखला हातात आला, पण आधीचा मालक अजून आतच! काकांचे मित्र म्हणाले, "लाइन कापून टाक ना बावा, निंगते आपोआप." काका गप्प. मी पुण्याला परतलो आणि वीकेंडभर कायदा वाचत बसलो. (हो, आम्हाला दुसरे उद्योग नाहीत.)

गंमत म्हणजे मालकी आणि ताबा वेगळे असण्याचा वऱ्हाडाला जुना अनुभव आहे. 30 डिसेंबर 1803 ला याच गावी शिंद्यांचा इंग्रजांशी तह झाला. त्याआधी तेरा दिवस, देवगावच्या तहात, नागपूरकर भोसल्यांनी वर्धेपलीकडचं वऱ्हाड सोडलं होतं. ते निजामाकडे गेलं. मग निजामाच्या नावाने ठेवलेल्या फौजेचा खर्च थकला आणि 1853 मध्ये इंग्रजांनी त्यापोटी वऱ्हाडचा कारभारच घेतला. मालक निजाम, ताबा साहेबाचा! 1902 मध्ये वर्षाला 25 लाख रुपयांवर तो कायमचा झाला. निजामाला कुठल्या कोर्टात जायची सोय नव्हती.

काकांना आहे. 1908 ची दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश 21. शेतकऱ्याचं राहतं घर कलम 60 प्रमाणे जप्त होत नाही, पण इथे घरच गहाण होतं. लिलावानंतर 60 दिवसांत देणं आणि वर किमतीच्या 5 टक्के रक्कम भरून घर वाचवता येतं. ती मुदत गेली, विक्री कायम झाली. आता नियम 95: खरेदीदाराने अर्ज करायचा, कोर्ट ताबा देतं, आणि निघायला नकार देणाऱ्याला बाहेर काढतं. आत भाडेकरू असेल तर नियम 96: दाखल्याची प्रत घरावर डकवायची आणि ढोल वाजवून दवंडी द्यायची. भाडेकरू तिथेच राहतो. ढोल अजून कायद्यात आहे बरं का!

लाइन कापून, सामान रस्त्यावर फेकून माणूस काढला, तर 1963 च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 खाली तोच सहा महिन्यांत दावा लावू शकतो. मग दाखला काकांचा असूनही कोर्टाच्या पायऱ्या काकांनीच झिजवायच्या.

रविवारी रात्री फोन केला. म्हटलं, "काका, मित्राचं ऐकू नका. अर्ज दिला का?"

"देऊ ना. त्याच्या पोरीची दहावी आहे, परीक्षा होऊ दे म्हटलं."

अर्जाची मुदत विक्री कायम झाल्यापासून एक वर्ष. काकांचे सात महिने गेलेत.