नासापॉलिप आणि सायनसचा जुनाट दाह

नाक व सायनस यांच्या अस्तराचा १२ आठवड्यांहून अधिक काळ टिकणारा, पॉलिपसह असलेला दाह. लोक याला ‘नाकात मांस वाढलंय’ म्हणतात. पण पॉलिप मांस नसून पाणी धरून फुगलेले अस्तर असते. दुर्बिणीतून ते सोललेल्या द्राक्षासारखे दिसते : फिकट, गुळगुळीत, ओलसर, स्पर्शाला सहसा दुखत नाही. वास हळूहळू जातो, फोडणीचासुद्धा. हे दुःख बाहेरून दिसत नाही, म्हणून त्याची पुरेशी दखल घेतली जात नाही.

बुरशी, जिवाणू वा धूळ यांनी डिवचलेल्या अस्तरपेशी टीएसएलपी व इंटरल्यूकिन-३३ हे इशारा-रेणू सोडतात. ते मिळताच टी-हेल्पर-२ व जन्मजात लसीका पेशी इंटरल्यूकिन-४, ५ व १३ स्रवतात. इंटरल्यूकिन-५ इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशी वाढवून जगवते. १३ मुळे शेंबूड वाढतो. ४ व १३ आयजीई या प्रतिपिंडाच्या निर्मितीला चालना देतात. अस्तरात साचलेले फायब्रिन या प्रथिनाचे जाळे विरघळत नाही व त्यात द्रव अडकून राहतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियसची विषे या आगीत तेल ओततात. सर्वच रुग्णांत मात्र हाच मार्ग नसतो.

स्टेरॉइड फवारा व शस्त्रक्रिया हे मुख्य उपचार. शस्त्रक्रियेनंतरही पॉलिप अनेकदा परततात. इंटरल्यूकिन-४ व १३ चा संदेश अडवणाऱ्या ड्युपिलुमॅबला अमेरिकेत २०१९ मध्ये या रोगासाठी मान्यता मिळाली.